भिंतीसमोर बसणाऱ्या मणिअक्का

मणिअक्का गेल्याचं मला कळलं ते जुळे सोलापूर या उपनगरातल्या एका अनोळखी बाईंकडून. दुपारचे साडेचार वाजले असतील. फोनवर त्यांनी माझं नाव दोनदा विचारून खात्री करून घेतली, मग म्हणाल्या, "त्यांच्या डायरीत पहिल्या पानावर तुमचाच नंबर आहे, म्हणून..." आणि थांबल्या. या बाईंनी नवा फ्लॅट घेतला होता, सामान अजून यायचं होतं. घर सजवायचं काम अक्कांना दिलं होतं आणि अक्का नेहमीच्या पद्धतीने दुपारी बारा वाजता किल्ली मागून घेऊन रिकाम्या हॉलमध्ये एकट्या बसल्या होत्या. प्लास्टिकची खुर्ची, भिंतीकडे तोंड. चार वाजता बाई थर्मासमधून चहा घेऊन आल्या. अक्का पाठमोऱ्या. बाईंनी चहा ओतला, पडद्यांचं काय ठरलं ते विचारलं, सासूबाईंचा शालू द्यायला नणंद तयार होत नाही ही तक्रारही सांगून टाकली. अक्का कुणाचं बोलणं मध्ये तोडत नसत हे त्यांना पहिल्याच भेटीत कळलं होतं, त्यामुळे त्या बोलत राहिल्या. चहावर साय धरली तेव्हा कप द्यायला म्हणून त्या समोर गेल्या. "डोळे उघडे होते हो," त्या मला म्हणाल्या. "चेहरा असा, की मी सांगतेय ते सगळं ऐकतायत..."

याला आता सात आठवडे झाले. डॉक्टरांनी सांगितलं की हृदय बंद पडलं ते दीड-दोनच्या सुमारासच. म्हणजे त्या बाई जवळजवळ दहा मिनिटं एका गेलेल्या माणसाशी पडद्यांबद्दल बोलत होत्या. त्या अजून घाबरलेल्या आहेत. पण मी अक्कांना वीस वर्षं ओळखत होते, आणि खरं सांगायचं तर ही बातमी ऐकून मला रडू आलं, धक्का मात्र बसला नाही. गेलेल्या माणसांशी घरातल्या जिवंत माणसांचं बोलणं करून देणं, हेच तर त्यांचं काम होतं. पडदे, उशांचे अभ्रे, भिंतीवरची वस्त्रं हे त्यासाठीचं निमित्त.

आमची ओळख माझी आई गेल्यावर झाली. आमचं घर कानडी बोलणारं. आईची पाच इरकली लुगडी कपाटात होती, ती नेसणारं कुणी नव्हतं आणि कुणाला देऊन टाकायला हात होत नव्हता. मी महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. शाळेतल्या एका सहकारी बाईंनी सांगितलं, शहराच्या पूर्व भागात पद्मशाली या तेलुगू विणकर समाजातल्या एक नागमणी नावाच्या बाई आहेत, जुन्या लुगड्यांचे पडदे करून देतात. त्या आल्या. सावळ्या, उंच, केस घट्ट बांधलेले, खांद्याला टॉवेलच्या कापडाची पिशवी. लुगड्यांकडे त्यांनी पाहिलंही नाही. म्हणाल्या, "आधी खोलीत बसते. तुमी तुमचं काम करा, टीचर." आणि आईच्या खोलीत दुपारपासून दिवेलागणीपर्यंत नुसत्या बसून राहिल्या. मी दोनदा डोकावले. हात मांडीवर, नजर भिंतीवर. बाहेर आल्या आणि पहिलाच प्रश्न, आईला उजव्या कानानं कमी ऐकू यायचं का?

यायचंच कमी, पण ते घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. माझा चेहरा बघून अक्कांनी मला आत नेलं आणि फरशी दाखवली. खुर्चीच्या पायांचे बारीक चरे सगळे एकाच बाजूला वळलेले होते. रोज कुणीतरी डावा कान दाराकडे यावा म्हणून खुर्ची तिरकी करून बसत होतं. अठरा वर्षं मी त्या खोलीत ये-जा करत होते, मला ते चरे कधी दिसले नव्हते. अक्कांनी तीन लुगड्यांचे पडदे केले, एकाचा टोपपदर पलंगाच्या डोक्याशी लावला आणि भिंतीला मला सांगून फिका हळदी रंग द्यायला लावला. माझा भाऊ होटगीला रेल्वेत नोकरीला होता. तो पहिल्यांदा आला तेव्हा दारातच थबकला, पायातल्या चपला काढल्या, आणि आत वाऱ्याने पदर हलताना बघून त्याच्या तोंडून निघून गेलं, "अव्वा..." मग तो ओशाळला. आम्ही दोघं त्यावर पुन्हा कधी बोललो नाही. पण त्या दिवसापासून आईच्या खोलीत कुणी मोठ्याने बोलत नाही.

त्यानंतर मी सुट्टीच्या दिवशी अक्कांबरोबर जाऊ लागले. रंग मी ठरवायचे, कापड त्या. त्यांचा एकच नियम होता: घरात किमान एक वस्त्र त्याच घरातल्या पेटीतून निघालेलं हवं. आजीची वाकळ, बारशाचं झबलं, खणाची चोळी, फाटलेली सोलापुरी चादर, काहीही चालेल. मोबाइलवर चित्र दाखवून अगदी असंच पाहिजे म्हणणाऱ्यांना त्या शांतपणे नमस्कार करून उठायच्या. एकदा मी विचारलं, हा हट्ट कशासाठी? तेव्हा त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. वडील मागाच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडायचे. त्या भोकांच्या हिशेबाने माग कापडावर फूल किंवा पक्षी विणतो. त्यांनी एक मोर तयार केला होता. अक्का दहा वर्षांच्या असताना वडील गेले. तेराव्यानंतर आई त्यांना घेऊन कारखान्यात उरलेला पगार आणायला गेली, तर माग चालूच होता आणि कापडावर एकामागून एक वडिलांचे मोर उतरत होते. "बाबा नव्हते, पण त्यांचा हात थांबला नव्हता की, टीचर," अक्का म्हणाल्या. "मी लई भ्याले होते. आई न्हाय भ्याली. तिनं जाऊन त्या कापडावर गाल टेकला."

आता त्या बंगल्याबद्दल लिहायला हवं. घरातल्या माणसांची नावं मी देणार नाही, फक्त एक सोडून.

विजापूर रस्त्याच्या बाजूचा, पंचवीसेक वर्षांपूर्वी बांधलेला चांगला बंगला. निवृत्त अधिकारी, त्यांना सगळे साहेब म्हणत. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू. आणि पुण्यात नोकरी करणारा एक मुलगा. मुलाचं लग्न ठरलं होतं. मागच्या बाजूची एक खोली नव्या जोडप्यासाठी सजवायची होती. आजवर ती अडगळीची खोली होती, असं साहेबांनी सांगितलं. अक्का त्या खोलीत नेहमीसारख्या बसल्या, पण त्या दिवशी तासाभरातच उठून आल्या. रंगाचं काम सुरू झालं. मी फिका अबोली रंग सांगितला होता. गफूरभाई नावाचे आमचे जुने रंगारी, त्यांनी भिंतीला लांबी म्हणजे पुट्टी भरून घोटाई केली, रंगाचे दोन हात मारले. तिसऱ्या दिवशी खिडकीशेजारच्या भिंतीवर, जमिनीवर बसलेल्या माणसाचं डोकं टेकेल एवढ्या उंचीवर, थाळीएवढा एक काळपट डाग उमटला. गफूरभाईंनी घासला, खरवडला, तेलाचा प्रायमर मारला, पुन्हा रंग दिला. चार दिवसांनी डाग परत. तिसऱ्या वेळी गफूरभाईंनी ब्रश डब्यात ठेवला आणि म्हणाले, "अक्का, ये दीवार रंग को नक्को बोलरी."

मी वाकून बघितलं. डागाची कडा भिंतीत विरत गेलेली, आणि जवळ गेलं की खोबरेल तेलाचा वास. ताजा नव्हे, जुना, खवट... पण वास येत होता. डागाच्या खाली फरशीवर दोन उथळ खळगे होते, टाचा घासून पडतात तसे. अक्कांनी डागावर तळहात ठेवला. गफूरभाई चौथ्यांदा खरवडायला पुढे झाले, तर त्या त्यांच्या तेलुगूत पुटपुटल्या, "उंडनी." राहू द्या. मग बाहेर जाऊन साहेबांना विचारलं, "हितं कोण बसायचं?"

कुणी नाही, साहेब म्हणाले. सांगितलं ना, अडगळ होती.

अक्कांनी सांगितलं, तेलाचा डाग असा एका वर्षात पडत नाही. दहा-पंधरा वर्षं कुणीतरी रोज, दिवसभर, त्याच जागी डोकं टेकून बसलंय. ते कोण हे कळल्याशिवाय या भिंतीला रंग द्यायला लावणार नाही. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातातलं भांडं पडलं नाही की त्या रडल्या नाहीत. त्या फक्त हळूहळू खाली बसल्या. साहेबांनी आम्हाला दोघींना घराबाहेर जायला सांगितलं.

परतताना रिक्षात मी अक्कांना नको नको ते बोलले. लोकांच्या घरातलं दुखणं उकरून काढायचा आपल्याला काय अधिकार? लग्न तोंडावर आलंय, मुलीकडच्यांच्या कानावर काही गेलं तर? आपण पडदे लावणाऱ्या बायका आहोत, पोलीस नाही. अक्का रस्त्याकडे बघत राहिल्या. माझं घर आलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "झाकायला कापड देत न्हाय मी, टीचर." मला तो अहंकार वाटला. आम्ही चार महिने बोललो नाही. आज सगळ्यात जास्त सलतात ते हे चार महिने.

त्या चार महिन्यांत काय घडलं ते मला नंतर कळलं. लग्न झालं. नवं जोडपं दुसऱ्या खोलीत राहिलं. मागच्या खोलीला कुलूप लागलं. आणि एके दुपारी काकू एकट्याच, डोक्यावर पदर घेऊन, एक पोतं रिक्षात घालून अक्कांकडे गेल्या. पोत्यात सुताचे गुंडे होते. लिंबाएवढे, आवळ्याएवढे, शेकड्यांनी.

त्यांना एक मुलगी होती. मंगल. चौदाव्या वर्षापर्यंत शाळेत जाणारी, बरी होती. मग बोलणं बंद झालं, माणसं ओळखेनाशी झाली. काही दिवस उपचार झाले, मग ते थांबले. साहेबांची बदली झाली, इथे नवा बंगला बांधला आणि नव्या कॉलनीत कुणाला सांगितलंच नाही की आपल्याला एक मुलगी आहे. एकतिसाव्या वर्षी न्यूमोनियाने ती त्या खोलीतच गेली. तोवर ती खिडकीशेजारी, भिंतीला डोकं टेकून बसलेली असे. काकू रोज सकाळी तिला तेल लावून वेणी घालायच्या. दिवसभर ती कापड उसवायची. जुनी चादर, टॉवेल, लुगडं, जे मिळेल त्यातला एकेक धागा ओढून काढायची, गाठ मारून दुसऱ्याला जोडायची आणि गुंडा करायची. ती गेल्यावर साहेबांनी तिचं सगळं जाळून टाकायला सांगितलं. काकूंनी कपडे जाळले. गुंडे मात्र धान्याच्या कोठीमागे लपवले.

अक्कांनी ते पोतं पूर्व भागातल्या एका वृद्ध विणकराकडे नेलं. हातमाग ठेवलेले आता मोजकेच उरलेत. त्या म्हाताऱ्याने आधी नकारच दिला. धागे वीतभर लांबीचे, हजारो गाठी, मागाच्या फणीतून जाणार कसे? अक्का रोज त्याच्यासमोर जाऊन बसल्या. शेवटी त्याने घेतलं. विणताना तो म्हणे सारखा मागे वळून बघायचा. अक्कांनी विचारलं तर सांगितलं, पुढचा गुंडा कुठला घ्यायचा ते मला ठरवावंच लागत नाही, पोत्यात हात घातला की बरोबर तोच येतो.

हे सगळं मला कळायच्या आधी, एका सकाळी अक्कांचा फोन आला. जणू कालच बोलणं झालंय अशा आवाजात. "टीचर, उद्या बंगल्यावर या. खिळा किती उंचीवर मारायचा ते तुमाला चांगलं कळतं."

मी गेले. साहेब बाहेर गेले होते. दार नव्या सुनेनं उघडलं. काकूंनी आदल्याच दिवशी तिला सगळं सांगितलं होतं. कुलूप काढलं. डाग होता तिथेच होता. अक्कांनी गुंडाळी सोडली आणि वस्त्र भिंतीवर धरलं... मी बत्तीस वर्षं मुलांना रंग शिकवले. मोरपंखीकडून शेवाळीकडे जाताना मधे किती छटा लागतात हे मी कागदावर करून दाखवायचे आणि दरवेळी कुठेतरी सांधा दिसायचा. या कापडात सांधा नव्हता. मोरपंखी कुठे संपला आणि शेवाळी कुठे सुरू झाला हे बोट ठेवून सांगता आलं नसतं. जिला आपलं नावही सांगता येत नव्हतं असं सगळे समजत होते, तिने सतरा वर्षं बसून एकेक धागा लावून ठेवला होता. मधोमध एकच पट्टी होती, बोटभर रुंद, गुलबक्षी. आणि सगळ्या कापडावर गाठी. हात फिरवला की ज्वारीच्या दाण्यांसारख्या लागायच्या.

आम्ही खिळे मारत असतानाच साहेब परतले. दारात उभे राहिले. मला वाटलं, आता हे कापड ओढून काढतील. सून त्यांच्या आणि भिंतीच्या मधे जाऊन उभी राहिली, पण त्यांनी तिला हातानेच बाजूला व्हायला खुणावलं. कितीतरी वेळ ते त्या पट्टीकडे बघत होते. मग सत्तरी ओलांडलेला तो ताठ माणूस गुडघ्यावर हात टेकत फरशीवर बसला, त्या दोन खळग्यांत टाचा ठेवून, आणि डोकं मागे कापडाला टेकवलं. "माझ्या बहिणीचं लुगडं होतं हे, गुलबक्षी," ते म्हणाले. "मंगल त्याच्याकडे बघून हसायची." काकूंनी मला नंतर सांगितलं, मुलगी गेल्यापासून तिचं नाव त्यांनी पहिल्यांदाच घेतलं.

वर्षभराने काकूंचा फोन आला. धूळ झटकायला कापड काढलं होतं, मागे भिंत स्वच्छ होती. मी मुद्दाम जाऊन पाहिलं. डाग नव्हता, वास नव्हता, अबोली रंग एकसारखा. गफूरभाई म्हणाले, शेवटचा हात नीट बसला असेल. अक्कांना सांगितलं तर त्या कापड कातरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या की तेल कधी ना कधी वाळतंच.

अशी घरं पुढेही झाली, सगळ्यांबद्दल लिहिता येणार नाही. पण गेल्या महिन्यात जे घडलं ते लिहायला हवं, कारण ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

अक्कांचं तेरावं झाल्यावर त्यांचे धाकटे भाऊ श्रीनिवास यांनी मला घरी बोलावलं. वीस वर्षांत मी त्यांच्या घरी कधी गेले नव्हते. अक्काच माझ्याकडे यायच्या. पूर्व भागातल्या एका गल्लीत दोन मजली घर, वर गच्चीला लागून अक्कांची खोली. जिने उभ्या सोलापुरातली घरं सजवली तिची खोली कशी असेल, याची मी जिन्यातच कल्पना करत होते. श्रीनिवासनी दार उघडलं. आत काही नव्हतं. चार पांढऱ्या भिंती, चुन्याच्या. एक कॉट, एक कपड्यांची पेटी, पश्चिमेला एक खिडकी, आणि तिच्यासमोरच्या कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ठेवलेली एक लाकडी खुर्ची. पडदा नाही, चित्र नाही, खिळासुद्धा नाही. श्रीनिवास म्हणाले, "संध्याकाळी हितं बसायची. आमी म्हणायचो, अगं एक तरी काय लाव की भिंतीला. म्हणायची, हाय की."

ते खाली गेले. मी खुर्चीत बसले. पाच-सव्वापाच झाले असतील. ऊन खिडकीतून आलं, भिंतीवर चौकोन पडला. आणि त्या चौकोनात रंग उतरला. आधी डाळिंबी, मग त्याच्या कडेला हळदी, मग हिरवट निळा. पट्टे उभे होते आणि हलत होते, वाऱ्याने काहीतरी झुलावं तसे. दहा मिनिटं, फार तर. मला फार सुंदर वाटलं, आणि मी समजले की समोर कुणीतरी रंगीत काहीतरी वाळत घातलंय. म्हणून उठून खिडकीशी गेले. समोर एक मोकळं आवार होतं. बांबूच्या रांगा होत्या, रिकाम्या, काही मोडलेल्या. खाली गवत माजलेलं. मागे वळले तर भिंतीवर डाळिंबी पट्टा अजून हलत होता.

खाली येऊन श्रीनिवासना सहज विचारल्यासारखं विचारलं. ते म्हणाले, तिथे सूत रंगवायचा कारखाना होता, बांबूंवर रंगवलेल्या लडी वाळत घालायचे. बंद होऊन सहा वर्षं झाली. मी रंगांबद्दल काही बोलले नाही. उतरत्या उन्हाचा रंग मला कळतो. तो डाळिंबी असू शकतो, हिरवट निळा नसतो. यापलीकडे माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

श्रीनिवासना ती खोली भाड्याने द्यायची आहे. एक जोडपं बघून गेलंय, त्यांना पांढऱ्या भिंती नकोत. मी निघताना त्यांनी विचारलं, "टीचर, तुमीच सांगा, कुटला रंग देऊ?" विचार करून सांगते, मी म्हणाले. त्यानंतर मी तीन वेळा तिथे जाऊन बसले. दरवेळी ते चहा आणून देतात, रंगाचं विचारतात, आणि मी म्हणते, अजून ठरत नाहीये, एकदा आणखी येऊन बघते. त्यांनाही बहुधा समजलंय. कालच्या फोनवर त्यांनी रंगाचं विचारलं नाही. खुर्ची पुसून ठेवलीये, एवढंच सांगितलं.